वेचणीचा ताप आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा

ईरा आणि अन्वय,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला एक साधा प्रश्न विचारलात आणि मी त्याचं अर्धवट उत्तर दिलं. तुमच्याकडे बातम्यांत सध्या कुठल्याशा नव्या फ्लूचं नाव सारखं येतं आहे. नवा फ्लू आणि दरवर्षीचा फ्लू यांत फरक काय, असं ईराने विचारलं, आणि अन्वय मागून म्हणाला की नाव सोडून काही नसणार. मी म्हटलं, फरक असतो, पण तो आजाऱ्याच्या तोंडावर दिसत नाही. तेवढ्यात तुमच्या बाबाची बाहेर निघायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून ते उत्तर माझ्याजवळच राहिलं आहे. माझं वय आता असं आहे की नीट सांगायची गोष्ट पुढच्या रविवारवर ढकलू नये. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नाही, आयुष्यभर तेच शिकवलं. पण ज्यांची गोष्ट सांगणार आहे ती माणसं माझ्याशी ज्या भाषेत बोलली तिच्यातच ती मला ऐकू येतात. अडलात तर बाबाला विचारा. त्याला वऱ्हाडी येत नाही असं तो म्हणतो, ते खरं नाही.

आधी सरळ उत्तर देते, कारण प्रश्न विचारल्यावर गोष्ट सांगत बसणाऱ्या शिक्षकांचा मला लहानपणी राग येई. दरवर्षीचा फ्लूसुद्धा दरवर्षी थोडा बदलतो, पण थोडाच. ओळखीच्या माणसाने टोपी बदलावी तसा. आपल्या अंगाला तो पुरता नाही तरी अर्धामुर्धा ओळखू येतो. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याच्या आत उठून बसतो, आणि काळजी करायची ती म्हाताऱ्यांची, तान्ह्या मुलांची, गरोदर बायकांची आणि आधीच दुखणाईत असलेल्यांची. बातम्यांत नवं नाव आलं तरी पुष्कळदा तो जुनाच असतो, नेहमीपेक्षा जरा जास्त बदललेला. पण क्वचित असाही एक येतो जो बहुतेक कुणाच्याच अंगाने पूर्वी पाहिलेला नसतो. ताप तोच, खोकला तोच, अंग मोडून येणं तेच. फक्त तो एकाच वेळी फार लोकांना गाठतो, आणि कोणाला जड जाईल याचा आपला नेहमीचा अंदाज चुकवतो. पुस्तकातलं उत्तर एवढंच आहे. बाकीचं मी नेर गावी असताना आमच्या घरात पाहिलं, तेव्हा माझं वय साधारण ईराएवढं होतं.

नेरला माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, पोस्टमास्तर होते. पुढे कचेरी आणि तिच्या पाठीला लागून आमचं क्वार्टर, मध्ये एक दार. त्या दारातून दिवसभर शिक्क्याचा ठोका येई, थांबून थांबून तारयंत्राचा कडकट्ट आवाज येई, आणि आईला स्वयंपाकघरात बसून कळे की आता बाबा चहाला उठतील किंवा उठणार नाहीत. कापसाचा हंगाम लागला की या आवाजांत बैलांच्या घुंगरांची भर पडे. गावोगावच्या बंड्या, बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, पहाटेपासून बाजाराच्या रस्त्यावर रांग लावून उभ्या राहत, आणि त्यांच्यातून उडालेला कापूस आमच्या अंगणातल्या बाभळीच्या काट्यांना, वाळत घातलेल्या लुगड्यांना, कधी दुधाच्या सायीलासुद्धा चिकटे. आई तो बोटाने उचलून काढी आणि बोट साडीला पुसे. इतक्या वर्षांनी इथे यवतमाळात माझ्या बंद खिडक्यांच्या घरात धूळ येते, कापूस येत नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

घरात आम्ही सहा माणसं होतो. आई, बाबा, मी, धाकटी शालू, बाबांचा धाकटा भाऊ दिनूकाका आणि बाबांची विधवा आत्या. सगळं गावच तिला मोठी आत्या म्हणे. ती आधीच्या पिढीतली, सत्तरीच्या पुढची. तिच्या तरुणपणी मानमोडीची, म्हणजे तेव्हाच्या फ्लूची, मोठी साथ आली होती, तीत तिचा नवरा गेला आणि ती स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळून मग उठली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. दिनूकाकांनी तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. ते जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, काट्यावर होते. आलेला कापूस तोलून घेण्याचं काम. हमाल कमी पडले तर स्वतःच गाठोडं पाठीवर घेत, आणि घरी आले की भुवयांवर रुईचा पांढरा थर असे. शालू त्यांना 'म्हातारे काका' म्हणून चिडवी. ते मुद्दाम वाकून, कंबरेवर हात ठेवून चालून दाखवीत.

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, वेचणी जोरात आली की दरवर्षी आमच्या घरी ताप येई. आम्ही त्याला वेचणीचा ताप म्हणायचो. डॉक्टर त्याला फ्लू म्हणत. त्याची सगळ्यांना इतकी सवय होती की पाहुण्यासारखी त्याची सोय लावलेली असे. पहिल्या दिवशी आजारी माणसाला ओसरीवरच्या खोलीत बाज टाकून द्यायची, डोक्याला फडकं बांधायचं, आलं आणि गवती चहा घालून गुळाचा काढा द्यायचा. जेवायला ज्वारीच्या कण्या, पातळ शिजवलेल्या, वर ताक. मोठ्या आत्याला मागच्या खोलीत हलवायचं आणि तिकडे आजाऱ्याची वाटीसुद्धा जाऊ द्यायची नाही, कारण दर हंगामात गावातली दोन-चार म्हातारी माणसं या तापात जात. आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला की न्हाणं. चुलीवर मोठा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, चढायचा, पाण्यात कडुनिंबाचा पाला पडायचा, आणि आजाऱ्याच्या डोक्यावरून ते पाणी घातलं की तो बरा. मग गरम भाकर, लसणाची चटणी, आणि ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं. मुलांनी शाळेत, काकांनी काट्यावर, बाबांनी कचेरीत. न्हालेला माणूस पुन्हा बाजेवर आडवा झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्या वर्षीही ताप ठरल्या वेळी आला. म्हणून आम्ही त्याला ओळखलं असं समजलो.

आत्याला रीतीप्रमाणे मागच्या खोलीत नेलं. तिथे पापडाचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवलेल्या असत. ती दारातून ओरडून म्हणे, "कमल, मले बी झाकण लावून दे वं. वर फडकं बांध. उन्हाळ्यापर्यंत टिकीन." कमल म्हणजे माझी आई. आई हसायची आणि ताट दाराशी सरकवायची.

वेगळं काहीतरी आहे हे प्रथम बाबांच्या लक्षात आलं, ते त्यांच्या खुर्चीमुळे. आजाराच्या आणि मृत्यूच्या तारा त्यांच्याच हातून जात. तारेतला मजकूर ते घरी कधीच सांगत नसत, तशी शपथच असे, आणि बाबा शपथ पाळणारे. पण त्या हंगामात ते जेवताना गप्प बसू लागले. एकदा आईने भाकर वाढली तर त्यांचं ताटाकडे लक्षच नव्हतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "दरवर्षी या दिवसांत तारा येतात, त्या कोणाच्या तरी बापाच्या असतात, नाहीतर आजीच्या. या खेपेला तशा नाहीत."

"मग कोणाच्या?"

"पोरांच्या," बाबा म्हणाले.

शाळेत वर्ग रिकामे होऊ लागले. नेहमीच्या तापात एका बाकावरचा एखादा मुलगा गैरहजर असे. या वेळी बाकच्या बाक रिकामे झाले, आणि मास्तरही. शालू आणि मी एकाच सकाळी पडलो. माझ्या आठवणीत तो ताप नेहमीपेक्षा जड होता. पापण्या उचलायलाही दुखत होतं आणि बाजेच्या विणीचा प्रत्येक दोर पाठीला कळत होता. पण तिसऱ्या दिवशी तो उतरला, आम्हाला न्हाऊ घातलं, आम्ही भाकर खाल्ली आणि उड्या मारायला लागलो. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. रीत बरोबर निघाली होती. पुढे जे झालं त्याला आमचं बरं होणंही थोडं कारण आहे, असं मला आता वाटतं. आम्ही उठलो नसतो तर कदाचित घरातली मोठी माणसं सावध झाली असती.

मग दिनूकाका पडले. इतका मोठा माणूस बाजेवर मावत नव्हता. त्यांचे पाय बाहेर राहत आणि शालू त्यांच्या तळव्यांना गवताची काडी लावून पळे. दोन दिवस ते तिच्यावर ओरडलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी घाम फुटला, कपाळ गार झालं, आणि ते उठून बसले.

"वैनी, पाणी ठेवा ना. उतरला."

आईने कपाळाला हात लावून पाहिला. "उतरला खरा. पण डोळे लाल आहेत, भाऊजी. आजचा दिवस पडा."

"काहून? तिसरा दिवस झाला ना. पोरींना न्हाऊ घातलं, तवा त्यांचे डोळे कोणी पाह्यले?"

तेवढ्यात कासमचाचा आले. कासमचाचा जिनातले मिस्त्री, यंत्र बिघडलं की तेच उघडत. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांचं घर होतं, आणि चाची आणि आई त्या भिंतीवरून दिवसातून दहा वेळा बोलत. चाचा ओसरीत उभे राहून म्हणाले, "क्या दिनूभाऊ, नई दुल्हन के जैसा कायले लेटून राह्यला? आधे लोग बीमार हैं, काटे पे कोई नहीं. बंड्यांची लाईन मारुतीच्या देवळापर्यंत गेली. लोक शिव्या देऊन राह्यले, अन् सुनना मेरे को पड़ता."

"येतो, येतो," काका म्हणाले. "न्हातो अन् येतो. वैनी सोडून नाही राह्यली."

"सोडो ना भाभी," चाचा म्हणाले. "बैठ के तोलने का काम है. शाम को वापस लाके देता."

कोणी कोणाला फसवत नव्हतं. ताप खरंच उतरला होता, काम खरंच अडलं होतं, आणि आमच्या घरात तिसरा दिवस म्हणजे तिसरा दिवस. आईने पाणी ठेवलं. काका न्हाले, दोन भाकरी खाल्ल्या, डोक्याला उपरणं गुंडाळून निघाले. मी दारातून पाहिलं, ते चाचांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी सांगत होते आणि चाचा हसत होते.

ऊन कलायच्या आत ते परत आले, पण पायांनी नाही. चाचांनी त्यांना रिकाम्या बंडीत घालून आणलं होतं, खाली पोती टाकून. काकांच्या भुवयांवर रुई होती आणि शालूने ती पाहून "म्हातारे काका" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ते श्वास घेत होते तो वरच्या वर, छातीच्या अगदी वरून, कुत्रं धापा टाकतं तसा. ओठ जांभळट. बरगडीला उजवीकडे हात दाबून धरलेला. चाचा नुसतेच म्हणत होते, "बैठ के तोलने का काम था भाभी. बैठ केच तोल रहा था."

डॉक्टर सायकलवरून आले. गावात तेच एक होते आणि त्यांचाही चेहरा उतरला होता, किती घरं केली होती कोण जाणे. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ठोकून पाहिली, आमच्या स्टोव्हवर सुई उकळली आणि पेनिसिलिन दिलं. मग अंगणात हात धुताना बाबांशी बोलले. मी पाणी घालत होते म्हणून ते मला ऐकू आलं.

"ताप उतरून पुन्हा चढला ना? आणि वर दम लागला?"

"हो," बाबा म्हणाले. "पण तिसऱ्या दिवशी उतरला होता. नेहमीसारखाच."

"मास्तर, नेहमीसारखा दिसतो, हीच तर पंचाईत आहे. तुमच्या नेहमीच्या तापाला तुमचं अंग थोडं तरी ओळखतं. ह्याला कोणीच ओळखत नाही. ताप गेला म्हणून माणूस उठतो, पण आतून छाती सोलल्यासारखी झालेली असते. तिच्यात निमोनिया शिरतो. मजबूत बांध्याचा माणूस, म्हणून तो लवकर उठला. तसा नसता तर पडून राहिला असता."

"पाणी घातलं डोक्यावरून, म्हणून तर नाही ना?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"पाण्याने निमोनिया होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पाण्यानंतर तुम्ही काय करता, ते पाहा."

हे वाक्य मी पुढे पुष्कळ वर्षं मनात घोळवलं. दोष कडुनिंबाचा नव्हता आणि गंजाचाही नव्हता. न्हाल्यावर माणूस बरा ठरत असे, आणि बरा ठरलेल्या माणसाला पुन्हा आजारी राहायला आमच्या घरात जागा नसे. नेहमीच्या तापाला ती रीत चालून गेली. दर वर्षी चालून गेली, म्हणूनच ती रीत झाली होती.

पुढचे दिवस घर त्या एका श्वासाभोवती होतं. काका ओसरीवरच्या खोलीत, पाठीला लोडाचा टेका देऊन बसवलेले, कारण आडवं झालं की त्यांचा जीव घाबरे. आपण चालताना, बोलताना, ताटं उचलताना तो आवाज ऐकू येई, आणि तो जरा थांबला की सगळेच जागच्या जागी थांबत. इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अजून काही सांगता येत नाही. त्यातच बाबा तापले, मग आईलाही कणकण आली. आता घरात धडधाकट मोठं माणूस कोण उरलं, तर मागच्या खोलीतली मोठी आत्या.

ती आपण होऊन बाहेर आली. आई म्हणाली, "आत्याबाई, नका. तुम्हाला झालं तर?"

"मले होऊन गेलं," आत्या म्हणाली. "तुमच्या जन्माच्या पहिले. आता तू बस. कण्या कुठं ठेवल्या?"

तिला खरंच काही झालं नाही. शिंकसुद्धा आली नाही. सत्तरी उलटलेली बाई पंचविशीच्या आतल्या भाच्याला चमच्याने पाणी पाजत होती, त्याच्या तोंडाखालचं तस्त धूत होती, आणि आमच्यासाठी भाकरी थापत होती. सगळं उलटं चाललं होतं, आणि ते उलटं आहे हे म्हणायलाही कोणाला फुरसत नव्हती. मागे मी माझ्या इथल्या डॉक्टरांना विचारलं, की तरुणपणी एका साथीतून वाचलेल्या बाईला दुसरी साथ सोडून देते का. त्यांनी 'असू शकतं' एवढंच म्हटलं. चांगला डॉक्टर आहे, नक्की ठाऊक नसेल ते नक्की सांगत नाही.

मग बाबांचा तिसरा दिवस आला. सकाळी त्यांचा ताप उतरला. दोन्ही पोस्टमन आजारी होते, टपालाच्या थैल्या कचेरीत न उघडता पडल्या होत्या, आणि खिडकीशी लोक गोळा झालेले ऐकू येत होते. आईने सवयीने पहाटेच गंज चढवला होता. मला वाटतं, ती काय करते आहे हे तिला तेव्हा ठाऊकही नसावं. हात आपले आपण कामं करतात तशी ती उठली, चूल पेटवली, पाला टाकला. बाबा खांद्यावर पंचा टाकून न्हाणीच्या दारात आले. भिंतीला धरून उभे होते.

"झालं का पाणी? टपाल पडलंय, कमल."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. ओसरीवरून काकांचा श्वास येत होता. तिने पदराने गंजाचे दोन्ही कान धरले, तो उचलला, आणि न्हाणीत नेण्याऐवजी सरळ अंगणाच्या टोकाला नेऊन नालीत रिता केला. थंडीत केवढी तरी वाफ उठली. आई वाफेपलीकडे क्षणभर दिसली नाही.

"सांडलं का?" बाबांनी विचारलं.

"सांडलं नाही. ओतलं."

"मग मी कचेरीत कसा जाऊ?"

"जाऊ नका."

"टपाल थांबत नसतं."

"थांबलं तर काय होतं, ते एकदा पाहू," आई म्हणाली. तिने बाबांना उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिचा आवाज चढला नव्हता. तिने रिकामा गंज पालथा घातला आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली, कोणी तो पुन्हा भरील अशी भीती असल्यासारखी.

आत्या चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "बरं केलं वं. एक काट्यावर पडला, हा शिक्क्यावर पडन. मंग मी कोणाकोणाले पाणी पाजू?"

बाबांनी पंचा दोरीवर टाकला आणि परत बाजेवर जाऊन पडले. तोंड भिंतीकडे करून पडले, पण पडले. ताप नसताना बाबांना दिवसाउजेडी आडवं झालेलं पाहून शालू रडायला लागली. आजारात ती रडली नव्हती.

खिडकी बंद राहिली. बाहेर कासमचाचा उभे राहिले. जिनही आता बंद पडलं होतं, माणसंच नव्हती. ते रोज आमच्या दारात येऊन बसत, आत येत नसत. लोक विचारत, "काहो, तारघर काहून बंद?" तर चाचा म्हणत, "मास्टरसाब बीमार हैं. कल आना."

"कालबी कलच म्हणलं होतं तुमीनं."

"तो फिर परसों आना. मेरे बाप का पोस्ट है क्या?"

बाबा आतून हे ऐकत आणि त्यांचा हात चादरीवर बोटांनी टकटक करी. टपालाच्या थैल्या उशिरा उघडल्या, म्हणून वरून विचारणा झाली असेलही. बाबांनी ते घरी कधी सांगितलं नाही.

काकांचं काय झालं, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे असं नाही, म्हणून सांगते. एका दुपारी आत्या त्यांना कण्या भरवत होती. नेहमी ते न बोलता गिळत. त्या दिवशी तोंड वाकडं करून म्हणाले, "खारट झालं." आवाज अगदी खरखरीत होता. आत्याने चमचा वाटीत ठेवला आणि आईला हाक मारली. "कमल, ये इकडं. चव कळून राह्यली याले." आई आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आत्याने उरलेल्या कण्या पुन्हा भरवायला घेतल्या. "खारट तं खारट. खाय गुमान," ती म्हणाली. काकांनी खाल्ल्या.

त्यानंतर चाचींच्या घरून रोज झाकलेल्या भांड्यातून कोंबडीचं पाणी येऊ लागलं. आमच्या चुलीवर अंडंही चढत नसे. आत्या ते स्वतः भिंतीवरून घेई, वेगळ्या वाटीत ओती आणि म्हणे, "डॉक्टरनं सांगितलं ना ताकदीचं द्या? मंग हे औषध हाय. औषध कोणत्या दुकानचं, हे कोणी पाह्यत नसते." चाचा दारातून विचारत, "पिया क्या?" आणि पिया म्हटलं की उठून जात. काका बोलू लागल्यावर एकदा त्यांना आत बोलावून म्हणाले, "काबे कासम, संध्याकाळी परत आणून देतो म्हणालतास. आणून तं दिलंस." चाचा हसले नाहीत. बऱ्याच दिवसांनी हसले.

काका वाचले, पण उजवी छाती पूर्ववत झाली नाही. डॉक्टरांनी जिनात पुन्हा पाऊल ठेवू नका म्हणून सांगितलं. रुईची धूळ त्यांना सोसवली नसती. ते बाजाराच्या कचेरीत टेबलाशी बसून काम करू लागले, तिथेच शेवटपर्यंत होते, लग्न झालं, संसार झाला. घरात तिसऱ्या दिवसाचं न्हाणं पुन्हा कोणी काढलं नाही. ताप उतरला की त्यापुढे आणखी पडून राहायचं, आणि ताप फिरून आला किंवा दम लागला तर थांबायचं नाही, थेट डॉक्टर. तुम्हीही एवढं लक्षात ठेवा, फ्लू जुना असो की नवा. नवा आहे की जुना, हे त्या वेळी घरात बसून ओळखता येत नाही. ओळखल्यासारखं वाटतं, तेवढंच.

पण मला सांगायचं आहे ते काकांच्या चालण्याबद्दल. त्या आजारानंतर त्यांना एका दमात फार चालता येत नसे, आणि ते कोणाला कळलेलं त्यांना आवडत नसे. म्हणून दम लागायच्या थोडं आधीच ते थांबत आणि मला काहीतरी दाखवत. "कुमू, पाह्य, त्या घरावर नवी कौलं घातली." "पाह्य, निंबाला मोहोर आला." "हा कुत्रा मागच्या आठवड्यात तीन पायांवर चालत होता." आपण पाहीपर्यंत त्यांचा श्वास जागेवर येई, आणि मग पुढे. मी कॉलेजला अमरावतीला निघाले तेव्हा बसस्टँडपर्यंत ते सोडायला आले, आणि तेवढ्या रस्त्यात त्यांनी मला नेर जितकं दाखवलं तितकं मी तिथे वाढूनही पाहिलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांनाच त्यांच्या चालीने चालायची सवय लागली. आई, बाबा, शालू, मी. आम्ही चौघं काका बरोबर नसतानाही वाटेत थांबत असू, आणि थांबलो की काहीतरी पाहत असू.

तुमचा बाबा लहान होता तेव्हा काका इथे यवतमाळात माझ्याकडे येऊन राहत. त्यांचंच बोट धरून तो चालायला शिकला.

मोठी आत्या गेली, आई आणि बाबा गेले, चाचा आणि चाची गेली, काकाही गेले. पोस्टाच्या त्या क्वार्टरच्या जागी आता दुसरी इमारत आहे. तुमचा बाबा धडधाकट आहे, त्याची छाती स्वच्छ आहे, त्याला दम लागत नाही. तरी कुठलाही चढ लागला की तो मध्येच थांबतो आणि तुम्हाला काहीतरी दाखवतो. दिनूकाकांचं एवढं अजून शिल्लक आहे.